पोर्ट ब्लेअरची भरती

१४ सप्टेंबर, रविवार

वारा नैऋत्य, अठरा नॉट. तिकडे पाऊस.

शौनक म्हणाला, तिकडे बोटीने फिरायचंय तर पोर्ट ब्लेअरचा वारा रोज लिहून ठेव, दोन महिन्यांत आपोआप कळायला लागेल. म्हणून ही डायरी. स्टुडिओत दोन वर्षांपूर्वी दिवाळीला क्लायंटांना वाटून उरलेली, जुन्या वर्षाची आहे. छापलेले वार सगळे चुकीचे, ते खोडून लिहितेय.

आज रुक्मिणी आत्या बोरिवलीहून आली. बाबांची बहीण. पाणीसुद्धा प्यायली नाही, थेट मुद्द्यावर. "वर्साच्या आत उरकून टाक गो. नायतर तीन वर्सा थांबाक व्हया, मगे बस बोंबलत." आई मे महिन्यात गेली. आमच्यात घरातलं कोणी असं गेलं की ठरलेलं लग्न वर्ष पुरं व्हायच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं करत नाहीत. शौनक आणि मी सहा वर्षं ठरवतोयच. आधी त्याची नोकरी, मग आमच्या बिल्डिंगचं काम, मग आईचं दुखणं.

आत्या आणि बाबा माझ्याकडे बघत होते. मी फोनमधलं कॅलेंडर उघडलं आणि म्हटलं, तेवीस नोव्हेंबरला रविवार आहे, चालेल का?  मग आत्याने माझी हनुवटी धरून तोंड गोड केलं, साखर घातली. बाबा उठून गॅलरीत गेले. त्यांना काही विचारलं की ते हल्ली गॅलरीत जातात.

मला काही वाटलं नाही हे खरं ते लिहून ठेवते. वाईट नाही, बरंही नाही. आई गेल्या दिवसापासून असंच आहे. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, गाल आपला राहत नाही, तसं. दाढ काढून चार महिने झाले, इंजेक्शन काही उतरत नाही. लग्न ठरवताना तरी उतरेल असं वाटलं होतं.

१७ सप्टेंबर

नैऋत्य, वीस.

शौनकचा फोन. "तुला नक्की करायचंय ना?" म्हटलं, हो रे बाबा, तारीख दिली ना.

२१ सप्टेंबर, रविवार

हनिमूनला शिडाच्या बोटीतून अंदमान, हे शौनकचं खूळ. चार वर्षं रविवारी सकाळी मुलुंडहून उठून छोटी शिडाची होडी चालवायला जातो. त्याची आई, सुनंदाकाकू, म्हणते पोरगं समुद्राला दिलंय मी. मला म्हणाला होता, कुठेही चल, फक्त टॉवेलचे हंस करून ठेवतात तिथे नको. ते मलाही नकोच.

पण त्याच्या ऑफिसात ऑडिट चालू आहे, म्हणून सगळं ठरवायचं काम मी घेतलं. नाहीतरी तारखा जुळवणं हाच माझा धंदा आहे. अंधेरीला डबिंग स्टुडिओत मी शेड्युलिंग बघते. कोणता आर्टिस्ट कधी, कोणती रूम किती तास, उशीर झाला की कोणाला झापायचं.

आज बोटवाल्याशी बोलले. कॅप्टन कुंडलिक, मूळचा साताऱ्याकडचा, नौदलातून रिटायर होऊन पोर्ट ब्लेअरला स्थायिक झालाय. मी म्हटलं, तीस डिसेंबर ते चार जानेवारी, बोट लॉक करा. तर म्हणतो, मॅडम, असं लॉक होत नाही. नोव्हेंबरात तिकडे वादळं. डिसेंबरात ईशान्येचा वारा लागतो, पूर्वेच्या किनाऱ्यांवर पाणी खवळलेलं. जानेवारीत जरा बसतं, फेब्रुवारीत मऊ होतं. तुम्ही दहा दिवसांची जागा ठेवा, हवा बघून त्यातले पाच घेऊ.

मला असं कोणी आर्टिस्ट बोलला असता तर मी त्याचा स्लॉट दुसऱ्याला दिला असता. म्हटलं, मला तारीखच लागते. म्हणाला, तारीख मी देतो हो, वारा कोण देणार?

२६ सप्टेंबर

नैऋत्य, चौदा. कमी होतोय.

माधुरीचं रेकॉर्डिंग होतं. मालिकेत सासू मरते, सून रडते. माधुरीने काचेपलीकडून विचारलं, ओलं रडू की कोरडं? मग जितके टेक मागितले तितके दिले, प्रत्येक वेळी खरं पाणी. बाहेर आली आणि इडली खाल्ली. मी विचारलं, कसं जमतं गं? म्हणाली, काही नाही, पोट आत ओढायचं आणि श्वास सोडायचाच नाही, आपोआप येतं.

घरी येऊन बाथरूममध्ये करून बघितलं. उचकी लागली फक्त.

२ ऑक्टोबर, दसरा

आमच्याकडे वर्ष आहे, त्यामुळे तोरण नाही, सोनं नाही. शेजारच्या जयंतीबेनने तरी शिऱ्याची वाटी दिली. दिवसभर वाऱ्याचं ॲप बघत होते. निळे-हिरवे बाण, जोर वाढला की पिवळे होतात. बघत बसलं की तासन्‌तास जातात आणि डोक्यात काही येत नाही. मला आवडायला लागलंय हे काम.

शौनकने पुन्हा विचारलं, नक्की ना? हा माणूस स्वतःच पाय मागे घेतोय की काय? सहा वर्षं मागे लागला होता आणि आता सतरा वेळा विचारतो. वैताग.

५ ऑक्टोबर, रविवार

कॅप्टनला विचारलं, वारा नसेल तर समुद्र शांतच असणार ना? ॲपवर एका दिवशी वारा शून्याला टेकलेला, पण लाटा दीड मीटर दिसत होत्या. मला वाटलं ॲप बिघडलं.

तो म्हणाला, तो स्वेल. लांब कुठेतरी वादळ होतं, आपल्याला पत्ता पण नसतो. तिथून निघालेली लाट पाण्यातून चालत राहते, आणि कधी कधी आठवड्याने भलत्याच किनाऱ्यावर येऊन आपटते. तिथे ऊन असतं, हवा झकास, लोक पोहत असतात. म्हणून नुसता वारा बघू नका, स्वेल पण बघा.

आता दोन रकाने केले, एक वाऱ्याचा आणि एक स्वेलचा.

१२ ऑक्टोबर, रविवार

नैऋत्य पाच, म्हणजे नसल्यासारखा. स्वेल एक मीटर.

आज एक चांगलं झालं. कॅप्टनने एक छोटं बेट सुचवलंय, वस्ती नाही. भोवती प्रवाळाचं कडं, त्याला पश्चिमेकडून एक फट. त्या फटीतून बोट आत घातली की वारा नाही, स्वेल नाही, तळ्यासारखं पाणी. पण आत शिरायचं ते भरतीच्या वेळीच, एरवी तळ लागतो. तीन जानेवारीला पौर्णिमा आहे. मी ठरवलं, त्याच दिवशी आत शिरायचं, रात्री चांदणं.

बाबा टीव्ही लावून बसले होते. आवाज बंद करून बघतात हल्ली. मी सहज विचारलं, बाबा, पौर्णिमेला भरती कधी?

बाबांची जन्मापासूनची विद्या आहे ही. आमचं गाव खाडीवर, आजोबांची होडी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बाबांना पाऊणकीचा पाढा पाठ आहे. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभे असतानासुद्धा सांगायचे म्हणे, आता माहीमला पाणी चढलं असेल. आणि घरी रोज सकाळी चहा गाळताना आई विचारायची, "भरती कधी?" आणि बाबा सांगायचे. घाटकोपरात भरती येऊन कोणाचं काय भलं होणार होतं देव जाणे. आई बाजारातून आणायची ते मासेसुद्धा ट्रकने यायचे. पण विचारायची, रोज. मे महिन्यापासून घरात भरतीचं नावच निघालेलं नाही.

बाबांनी टीव्ही बंद केला. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊण, सव्वाअकरा." मग तासभर बोलत होते. खाडीच्या तोंडाशी होडी कशी थांबवून धरायची, आजोबा पाण्यात थुंकून प्रवाह कसा बघायचे, एकदा अष्टमीला हिशेब चुकून रात्रभर चिखलात कसे बसले. मी मे महिन्यानंतर त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. जेवण गार झालं, पण दोघंही जेवलो.

प्लॅनमध्ये लिहिलं: ३ जाने., प्रवेश सव्वाअकरा. कॅप्टनने कसलातरी तक्ता पाठवलाय. आता त्याची गरज नाही.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. आम्ही काही केलं नाही. शेजाऱ्यांचे फराळाचे डबे सकाळपासून आठ-नऊ आले, ज्यांच्याकडे कधी जात नाही त्यांचेसुद्धा. सगळ्यांच्या चकल्यांत आईच्या चकलीएवढं तिखट नाही. मी खाल्ल्या, चव कळली, पुढे काही नाही.

ईशान्येचा पहिला बाण आज दिसला. सहा नॉट. शौनकला स्क्रीनशॉट पाठवला. त्याने विचारलं, तू कशी आहेस? मी लिहिलं, ईशान्य लागली म्हणून पाठवलंय.

२ नोव्हेंबर, रविवार

ईशान्य, अकरा. स्वेल सव्वा.

सुनंदाकाकूंबरोबर मुलुंडला साड्या घ्यायला. बाई चांगली आहे. दुकानात माझ्या खांद्यावर शालू टाकून आरशासमोर उभं केलं आणि स्वतःच डोळे पुसले. म्हणाल्या, तुझी आई असती तर. मी म्हटलं, काकू, पार्किंगवाला शिट्टी मारतोय, आपली गाडी आडवी आहे. नंतर गाडीत त्यांनी रेडिओ मोठ्याने लावला. त्यांना बहुतेक साडीचा रंग आवडला नव्हता.

एक साडी आईची नेसावी असं त्यांचं म्हणणं आहे. घरी येऊन कपाट उघडलं. मोरपंखी निवडली, कारण तिचा ब्लाउज मला होतो. अर्ध्या तासात काम संपलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पूर्ण प्लॅन कॅप्टनला पाठवला. दिवसवार, वाऱ्यासकट. परतीचा दिवस वारा पाठीवर असेल असा लावलाय. असा प्लॅन त्याला कोणी दिला नसेल. शौनक म्हणाला, यार, तू तर माझ्यापेक्षा भारी झालीस. मग म्हणाला, पण ह्यात आपण दोघं कुठे आहोत? मी म्हटलं, पुढच्या केबिनमध्ये.

१० नोव्हेंबर

कॅप्टनचा फोन दुपारी, मी रूम दोनमध्ये एकाला झापत होते. म्हणाला, मॅडम, प्लॅन एक नंबर, पण ही सव्वाअकराची भरती कुठून काढलीत? म्हटलं, तिथीवरून. पाऊणपट.

 मग त्याने सांगितलं. हिशेब बरोबर आहे, पण मुंबई-कोकणचा. अंदमान किती पूर्वेला. घड्याळ एकच आहे आपलं, पण तिथे सूर्यसुद्धा सव्वा तास आधी उगवतो. पौर्णिमेची भरती तिथे साडेनऊच्या सुमाराला. सव्वाअकराला पाणी कधीच उतरायला लागलेलं असतं. "तुमच्या वेळेला आत घातली असती तर प्रवाळावर बसलो असतो. बोट आडवी, आपण पण आडवे. मी तक्ता पाठवला होता ना?"

पाठवला होता. महिनाभर फोनमध्ये पडून आहे. मी, जी आर्टिस्टचा निघाल्याचा मेसेज आला तरी वॉचमनला फोन करून खात्री करते, ती मी तक्ता उघडलाच नाही. का उघडला नाही ते मला सांगता येत नाही.

आता बाबांना सांगायला हवं.

११ नोव्हेंबर

नाही सांगितलं. बाबांनी आज स्वतःहून विचारलं, फट किती रुंद आहे? कागदावर काढून दाखवली. त्यांनी त्यावर पेन्सिलीने सव्वाअकरा लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. आता कसं सांगणार? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

१३ नोव्हेंबर

ईशान्य, चौदा.

सांगितलं. मेथी निवडत होतो दोघं. मी एका दमात सांगितलं, बाबा, तुमचा हिशेब तिथे चालत नाही, तिथे साडेनऊला येते. मला वाटलं, आता पुन्हा गॅलरीत जातील आणि ते बोलणंही बंद होईल. एका काडीची पानं पूर्ण काढून झाल्यावर म्हणाले, "मगे थंयची येळ येगळी. समुद्र एकच, पण भरती सगळीकडे एकदम येणा नाय, गो. येता मात्र."

गावाकडचं बोलणं ते घरात फक्त आईशी बोलायचे.

मी बरं म्हटलं आणि मेथी निवडत राहिले. नंतर बघितलं तर पानं कचऱ्यात टाकली होती आणि काड्या पातेल्यात. दुपारी स्टुडिओत मिसळ खाल्ली होती, ॲसिडिटी असणार. गोळी घेतली. झोप आली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शौनकला अंधेरीला भेटले, स्टेशनसमोरच्या उडुपीत. लग्न तेवीसला नको म्हणून सांगितलं. असं काही बोलायचं ठरवून गेले नव्हते. हॉलच्या चाव्या कोणाकडे ते विचारायला गेले होते.

तो बराच वेळ चमचा फिरवत होता. मग म्हणाला, "तू मला लग्नाची तारीख दिलीस ना, ती स्लॉट दिल्यासारखी दिलीस. मी दोन महिने तुला विचारतोय."

म्हटलं, मला वाटलं तूच डळमळतोयस.

"मी? मला वाटायचं, एकदा तरी तू ओरडशील माझ्यावर. रडशील. नाही म्हणशील. काहीतरी." मग विचारलं, "म्हणजे आता तीन वर्षं?"

मला माहीत नाही म्हटलं. तेवढंच खरं होतं. मी त्याला सांगितलं की मला काहीच वाटत नाहीये, कोणाबद्दलच, आईबद्दलसुद्धा, आणि असं असताना मोरपंखी साडी नेसून उभं राहायचं मला जमणार नाही. तो कॉफी अर्धी टाकून गेला. बिल देऊन गेला, एवढा तो सभ्य आहे.

मी बसून राहिले. बरं वाटत नव्हतं. मग लक्षात आलं की वाईट वाटतंय. फार दिवसांनी काहीतरी वाटलं आणि तेही हे. वेटर दोनदा विचारून गेला, और कुछ?

१६ नोव्हेंबर, रविवार

आत्या आली. जे व्हायचं ते झालं. पत्रिका वाटल्या, हॉलवाला, भटजी, लोकांना काय सांगायचं, पोरगो हातचो गेलो तर काय करशील.  बाबा गॅलरीतून आत आले. म्हणाले, "वारो नाय म्हणान सांग. आणि चाय पी, रुक्मिणी."

आत्या चहा प्यायली. पण जाताना माझ्याशी बोलली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

अंदमानाच्या खाली कमी दाबाचा पट्टा. बाण सगळे पिवळे.

आज लग्न असतं. मी कपडे धुतले.

सकाळी शौनकचा मेसेज आला, आठ दिवसांत पहिला. "ईशान्य, बावीस." बस, एवढाच. ह्याला आता वाऱ्याशी काय करायचंय?

२४ नोव्हेंबर

शौनक: "ईशान्य, वीस."

२५ नोव्हेंबर

शौनक: "अठरा. पाऊस."

मलाही ॲप आहे, मलाही दिसतं. पण सकाळी उठल्यावर आधी त्याचा मेसेज आला का ते बघते. आज पावणेनऊपर्यंत आला नव्हता तर डोकं फिरलं होतं.

३ डिसेंबर

कॅप्टनला फोन केला, बोट रद्द करायची म्हणून. बाबा शेजारीच होते. त्यांनी हात करून थांबवलं. "माका थंयची भरती बघूक व्हयी."

मला वाटलं गंमत करतायत. पण ते कपाटातून स्वेटर काढून बसले होते. अंदमानात स्वेटर. कॅप्टन म्हणाला, येऊ दे की त्यांना, पण शिडावर आणखी एक हात लागेल, माझा पोऱ्या लग्नाला गावी चाललाय.

रात्री शौनकला लिहिलं, "स्वेल?" लगेच उत्तर आलं, "दीड मीटर, पूर्वेकडून." मग मी लिहिलं, बाबा आणि मी जातोय, शिड ओढायला माणूस हवाय. हनिमून नाही. बाबा असतील. त्याचं उत्तर यायला पाऊण तास लागला. "येतो."

७ डिसेंबर, रविवार

आत्याचा फोन. "लगीन नाय आणि हनिमूनाक बापाशीक घेऊन चललंस? खंय बघूक नाय असला." पण फोन ठेवताना म्हणाली, उलटीची गोळी ने, तुझ्या बापाशीक बोट लागता.

३१ डिसेंबर, पोर्ट ब्लेअर

ईशान्य, एकोणीस. निघालो नाही. कॅप्टनने सकाळी बाहेर बघितलं आणि म्हणाला, आज नाही. उद्याही बहुतेक नाही. माझा प्लॅन गेला कचऱ्यात. मला राग यायला हवा होता.

शौनक आणि मी धक्क्यावर दोर गुंडाळत बसलो. तो फार बोलत नाही. काही विचारतही नाही. मला त्याच्या विचारण्याची सवय झाली होती, आता ते कानाला जाणवतं.

२ जानेवारी

ईशान्य, बारा. पहाटे निघालो. बाबांना बोट लागली नाही, मला लागली. दुपारपर्यंत बरी झाले. संध्याकाळी त्या बेटाच्या पश्चिमेला, वाऱ्याच्या आडोशाला नांगर टाकला. प्रवाळाची फट इथून दिसते, दोन बाजूंना पांढरं पाणी, मधे निळं.

३ जानेवारी, पौर्णिमा

नीट लिहिते.

उजाडलं फार लवकर. मी वर आले तर बाबा मागच्या बाजूला स्वेटर घालून बसले होते, घामाने भिजलेले. समोर पाण्यातून एक काळा खडक वर आला होता, त्याच्याकडे बघत होते. मी खाली चहा केला. डगमगत गाळला. वर तोंड करून विचारलं, "भरती कधी?"

तोंडातून निघून गेलं, ठरवून नाही. आवाज माझाच होता, पण म्हणायची तऱ्हा आईची, "कधी" जरा लांबवून.

 बाबांनी पेरांवर अंगठा फिरवला, सवयीने, पंधरापर्यंत. मग थांबले आणि म्हणाले, "साडेनऊ. कॅप्टन म्हणतो."

 मला वाटलं, पुन्हा बोट लागतेय. गाळणं तसंच टाकून वर धावले आणि कठडा धरला. शौनकला वाटलं उलटी होणार, तो बादली घेऊन आला. मी वाकले आणि काहीच बाहेर पडेना, नुसता एक आवाज यायला लागला, आणि तो थांबेना. शौनक बादली पुढे धरून उभा. बाबा म्हणाले, "बादली नको रे. रडतेय ती. रडू दे."

किती वेळ ते मला माहीत नाही. आईला ॲम्ब्युलन्समध्ये ठेवताना मी ड्रायव्हरशी पार्किंगवरून भांडत होते. तिचा एक हात चादरीबाहेर राहिला होता आणि तो आत घ्यायचा राहून गेला. ते आठवलं. मग सगळंच. तिची ती चकली, तो मोरपंखी ब्लाउज. बाबा शेजारी येऊन बसले आणि तेही रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे. मे महिन्यात ते रडले होते तेव्हा मी त्यांना पाणी आणून दिलं होतं. आज दिलं नाही, बसून राहिले.

मध्येच बघितलं तर काळा खडक बुडाला होता आणि फटीच्या दोन्ही बाजूंचं पांढरं पाणी दिसत नव्हतं. साडेनऊ वाजले, वाजून गेले. कॅप्टनने इंजिन सुरू केलं नाही. पुढच्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून कांदा चिरत बसला होता. नंतर म्हणाला, आज राहू दे, हवा चांगली आहे, इथेच राहू, उद्या सकाळी शिरू.

दुपारी शौनकला म्हटलं, तू हल्ली काही विचारत नाहीस. म्हणाला, भीती वाटते. मी म्हटलं, मेमध्ये आईचं वर्ष होईल. त्यानंतर विचार. कितीही वेळा विचार, मी वैतागणार नाही. तो म्हणाला, वैतागशील. म्हटलं, हो, वैतागेन, तरी विचार. मग आम्ही दोघांनी उरलेला कांदा चिरला.

डोळे सुजलेत, नीट दिसत नाही, अक्षर वाकडं येतंय. चंद्र वर आलाय. बाबा मागे बसून पेरांवर मोजतायत. साडेनऊ हे ह्या पाण्याचं, त्यात रोज पाऊण मिळवायची, म्हणाले. हिशेब तोच, फक्त सुरुवात वेगळी. मी विचारलं, मग उद्या भरती कधी?

"सव्वादहा," बाबा म्हणाले.